माळाचा धनी

कोल्हापूरच्या आसपास जमिनीचा सौदा निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "काळी हाय का माळाची?" काळी म्हटलं की विचारणारा सावरून बसतो. माळाची म्हटलं की त्याचा आवाज उतरतो आणि त्याबरोबर भावही उतरतो. "मुरमाड व्हय? मग बघू की सवडीनं." मुरमाची गावातली पत त्या 'सवडीनं'मध्ये कळते. सातबाऱ्यावर त्याला आकार कमी, आणि जिथं तो फारच उघडा पडलेला असेल तिथं 'पोटखराबा' असा शेरा. मुलगी द्यायला आलेला बापसुद्धा नदीकाठचे एकर वेगळे मोजतो आणि माळाचे वेगळे.

पंचगंगेच्या खोऱ्यात काळ्या मातीचं कौतुक खूप झालं आणि ते रास्तच आहे. उसाचं, गुळाचं, साखरेचं वैभव तिच्यावर उभं राहिलं. पण या खोऱ्याचा पाण्याचा संसार चालवतो तो मुरूम. आलेलं स्वतःजवळ ठेवून घेणं त्याला जमत नाही, आणि म्हणूनच खालच्या सगळ्यांचं चालतं. एवढ्या मोठ्या कर्त्या गड्याची ओळख 'हलकी जमीन' या दोन शब्दांत उरकली जावी, हे मला पटत नाही.

त्याला भेटायचं तर नदीकडं पाठ करून निघावं. कागलच्या रस्त्यानं जा, हातकणंगल्याच्या जा, नाहीतर जोतिबाच्या पायथ्याकडं वळा. चढ लागला की तो भेटतोच. रस्त्यासाठी जिथं टेकडी कापलेली असते तिथं त्याचं घर उघडं दिसतं. वर वीतभर तांबूस माती आणि तिच्यात गुंतलेल्या गवताच्या मुळ्या. त्याखाली परसभर, कुठं दोन परस मुरूम. तळाला निळसर काळा पाषाण, भेगाभेगांनी चिरलेला. ओंजळभर मुरूम काढून हातावर घ्यावा. लांबून नुसता तांबडा दिसणारा हा गडी जवळून किती रंगांचा असतो! विटकरी, पिवळसर, राखी, मधूनच शेवाळी. काही खडे हरभऱ्याएवढे, काही सुपारीएवढे. बोटांत दाबले तर काहींचा भुगा होतो, काही अजिबात दाद देत नाहीत. खड्यांच्या पोटात पांढरे ठिपके चमकतात. ओंजळीत पाणी ओतलं तर ते थांबत नाही. खड्यांना भिजवून, त्यांचा रंग दुपटीनं गडद करून, बोटांच्या फटीतून निघून जातं. हात झटकला की हात स्वच्छ. काळी माती अशी सोडत नाही. ती नखांत राहते, चपलेला धरते, बैलगाडीचं चाक अडवते.

त्याचं कुळ जुनं आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडत राहिला आणि एकावर एक थर साचून दख्खनचं पठार तयार झालं. प्रत्येक थराच्या वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढं त्या पोकळ्यांत पांढरी खनिजं भरली. ओंजळीत चमकणारे ठिपके ते हेच. अशा ठिपक्यांच्या, थोड्या ठिसूळ खडकाला विहिरी खोदणारे 'मांजऱ्या' म्हणतात. या खडकांत भेगांवाटे पाणी शिरलं, उन्हानं ते तापले, थंडीनं आकसले, आणि कडेकडेनं सुटत गेले. टेकडीच्या कापात मुरमामध्ये रुतलेले गोल धोंडे दिसतात. त्यांचे पापुद्रे कांद्यासारखे एकेक करून निघतात. आतला गाभा काळा, टणक. बाहेरचा पापुद्रा मऊ, तांबूस. दगडाचा मुरूम होताना बघायचा असेल तर तो तिथं दिसतो. दगडपण सुटलेलं आहे आणि मातीपण अजून पुरतं आलेलं नाही, अशा मधल्या वयात मुरमाची सगळी हयात जाते.

त्याच्या दोन्ही अंगांना भाऊबंद आहेत. वर पन्हाळ्याच्या आणि मसाईच्या पठारावर जांभा आहे. अतोनात पावसानं ज्याच्या अंगातलं विरघळण्यासारखं सगळं धुऊन नेलं आणि लोखंडाची लाली तेवढी मागं ठेवली, तो हा थोरला. खाली नदीच्या अंगाला काळी. ती आभाळातून पडलेली नाही. उतारावरचा मुरूम झिजत गेला, त्याचे बारीकातले बारीक कण पावसाच्या पाण्याबरोबर खाली आले आणि पिढ्यान्‌पिढ्या साचत राहिले, तेव्हा काळी रानं झाली. म्हणजे काळीच्या अंगावरची श्रीमंती मुरमाच्या अंगातून गेलेली आहे. जाड खडे त्याच्याकडं राहिले, लोणी खाली गेलं. वाटणी अशी झाली आणि पुढं सातबाऱ्यानं त्या वाटणीवर शिक्का मारला.

पावसानंही त्याच्याशी दोन तऱ्हेनं वागायचं ठरवलेलं दिसतं. पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि पूर्वेला शिरोळच्या बाजूला जेमतेम पाच-सहाशे. मधलं अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. एका जिल्ह्यात मुरमाला असे दोन मुलूख सांभाळावे लागतात. सह्याद्रीच्या कुशीत तो चार महिने चिंब असतो. कागल, हातकणंगले, गडहिंग्लजच्या माळांवर मात्र पावसाचा भरवसा नाही. मृगात आला तर आर्द्रात दडी मारणार, आणि मुरूम कोरडा पडायला पंधरा दिवसांची उघडीप पुरे. तरी स्वभाव दोन्हीकडं एकच. येईल ते आत घ्यायचं आणि पुढं द्यायचं.

त्याचं वर्ष चैत्रातल्या उन्हापासून धरावं. तेव्हा माळावर बघवत नाही. गवत पिवळं होऊन, मोडून, वाऱ्यानं निघून गेलेलं असतं आणि मुरूम उघडा पडून तापतो. अनवाणी पाऊल ठेवता येत नाही. याच दिवसांत माळटिटवी तिथं घर करते. घर कसलं, खड्यांमधला एक उथळ खळगा. त्यात तीन-चार अंडी. मातकट रंगाची, काळपट शिंतोडे उडालेली. दोन हातांवर उभं राहूनही खडा कुठला आणि अंडं कुठलं ते कळत नाही. टिटवी मोठमोठ्यानं ओरडत वाटसरूला भलत्याच बाजूला घेऊन जाते. तिला मुरमाच्या रंगाची खात्री असते. कोल्हा येवो, घार येवो, अंडी झाकायचं काम मुरूम करतो.

मग वळीव येतो. दुपारी आभाळ भरतं, धुळीचा लोट उठतो आणि तासाभरात सगळं न्हाऊन निघतं. खालच्या रानात ढेकळं फुगतात, चिखल होतो, पाय रुततो. माळावर मात्र पाऊस थांबला की घटकाभरानं खुशाल चालावं. पाणी गेलेलं असतं. मृगात याचाच फायदा होतो. काळ्या रानाला वाफसा यायला आठ-आठ दिवस थांबावं लागतं, तोवर पुढची सर येते आणि पेरणी लांबते. मुरमाड रानात आज पाऊस पडला तर उद्या-परवा कुरी चालवता येते. पंचांगातल्या नक्षत्राला वेळेवर उत्तर देणारी जमीन म्हणून जुनी माणसं माळाचा एखादा तुकडा मुद्दाम राखून असत. नदीकाठ बुडाला तरी माळ काहीतरी पदरात टाकील, हा त्यांचा हिशोब होता.

आणि तो टाकतोही. भुईमुगाचं आणि त्याचं सख्य तर डोळ्यांनी बघावं असं. भुईमुगाला फूल येतं जमिनीवर आणि शेंग धरते जमिनीच्या पोटात. फूल गळालं की त्याच्या जागी आरी सुटते आणि ती माती भेदून आत शिरते. काळी माती पावसाच्या उघडिपीत आवळून धरते, आऱ्यांना वाट देत नाही. मुरूम त्यांना अडवत नाही. काढणीच्या दिवसांत बघावं. बाई ओणवी होते, वेलाच्या बुडाला धरून एक हिसडा देते, आणि अख्खा वेल शेंगांसकट वर येतो. दोनदा आपटला की खडे गळून पडतात आणि शेंगा धुतल्यासारख्या निघतात. काळ्या रानात त्याच कामाला कुदळ घ्यावी लागते, शेंगा तुटून आत राहतात आणि मागाहून पोरांना माती चिवडत बसावं लागतं. आमच्याकडं आत्ती शेंगांचा वेल आधी कानाशी हलवून बघायची. आतले दाणे वाजले तर म्हणायची, "भरल्यात. माळाच्या हायत, पोचट निघायच्या न्हाईत." आणि ओल्या शेंगा मीठ घालून उकडायला पाटी घरी जायची.

भुईमुगाच्या जोडीला नाचणी, वरी, हुलगा, मटकी, तूर. मागणं कमी असलेली ही पिकं आहेत. अर्ध्या वीतभर मातीत मूळ धरायचं, दोन पावसांच्या मधली उघडीप सोसायची आणि बहुतेकांनी दिवाळीच्या आत घर गाठायचं. जिल्ह्याच्या डोंगरी तालुक्यांत नाचणीच्या भाकरीवर आणि आंबिलीवर पिढ्या जगल्या. कोल्हापुरात शेंडा पार्कच्या कृषी संशोधन केंद्रात नाचणीवर काम चालतं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जगभर पाळलं गेलं आणि शहरातल्या दुकानांत नाचणी चकचकीत पुड्यांत दिसू लागली. ती ज्याच्या अंगाखांद्यावर वाढली, त्याचं नाव पुडीवर कुठं नव्हतं.

त्याचे दोष लपवण्यात अर्थ नाही. तो साठवत नाही. खत टाकलं तर निम्मं पाण्याबरोबर खाली निघून जातं. पंधरा दिवस पाऊस ओढला की पिकं माना टाकतात. उसाला पाणी द्यायचं तर काळ्या रानापेक्षा पाळी लवकर येते. म्हणून त्याला जोड लागते. उन्हाळ्यात तलावाचा गाळ ओढून माळावर पसरायचा, शेणखत घालायचं, मेंढरं बसवायची. दसरा-दिवाळीच्या सुमाराला पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते, भंडाऱ्यानं सगळा गाव पिवळा होतो, आणि दूरदूरचे धनगर तिथं जमतात. त्यांच्या मेंढरांची वाट माळांवरूनच जाते. रात्री कळप शेतात बसतो, सकाळी उठून जातो, आणि लेंडीखतानं मुरमाच्या पोटात थोडी ओल धरायची ताकद येते. ज्यानं घ्यायची सवयच लावून घेतली नाही, त्याला असं कुणीतरी आपण होऊन द्यावं लागतं.

पण खरा मुरूम बघायचा तो आषाढ-श्रावणात. तरणा पाऊस सरून म्हातारा लागलेला असतो, सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही. मुरूम तोवर पीतच असतो. वरून पडलेलं पाणी तो खड्यांच्या फटीफटींतून खाली उतरवतो. तळाच्या पाषाणापाशी पाणी अडतं, उताराला लागतं आणि आतल्या आत सरकत जातं. मग एके दिवशी बांधाच्या खालच्या अंगाला, काल कोरड्या असलेल्या जागी, पाणी डोळे उघडतं. याला उपळ म्हणतात. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, कुठंही जा. भर पावसाळ्यात डोंगरउतारावरच्या रानांत उपळ फुटलेले दिसतात. पाणी इतकं नितळ की तळातला खडा अन् खडा मोजावा. ओढा लाल गढूळ वाहत असताना त्याच्या शेजारी हे गाळलेलं, गार पाणी शांतपणे निघतं आणि पोरं ओणवी होऊन तोंड लावतात. उपळ शेताच्या मधोमध फुटला तर पीक पिवळं पडतं. मग कडेनं चर मारून त्याला वाट करून द्यावी लागते. ती वाट खालच्या भाताच्या खाचरात जाते. वरच्याला जड झालेलं पाणी खालच्याचं पीक होतं. त्या चरावरून भावाभावांत भांडणं होतात, तशीच समजूतही तिथंच होते.

वर मसाईच्या पठारावर याच दिवसांत जांभ्याचे खळगे पाण्यानं भरतात. खडकावर बोटभर मुरमाड माती आणि चार महिन्यांची ओल, एवढ्या भांडवलावर तिथं फुलं येतात. गेंद, तेरडा, सोनकी आणि निळीजांभळी सीतेची आसवं. सीतेची आसवं दिसायला नाजूक, पण ओल्या मातीत दडलेल्या बारीक पिशव्यांनी ती सूक्ष्म जीव पकडून खाते. सततच्या धुपीनं त्या मातीत नत्र उरत नाही, म्हणून तिनं पोट भरण्याची ही वेगळी वाट काढली. १६६० च्या आषाढात शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निघून विशाळगडाकडं गेले ते याच पठारावरून. त्या रात्रीच्या चालीला जी भूमी पायाखाली होती ती अशीच चिंब असणार. वर निसरडी आणि आत टणक.

आषाढातच कोल्हापुरात त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाईची, जत्रा होते. पंचगंगेला नवं पाणी आलं की मंगळवारी, शुक्रवारी गल्लोगल्लीच्या लोकांची पी-ढबाक वाजवत मिरवणूक निघते. घागरींतून ते नवं पाणी टेंबलाईच्या टेकडीवर नेऊन देवीला वाहतात. मला या जत्रेचा अर्थ माळावर उभं राहून लागतो. नदीला जे पाणी आलं ते वरच्या डोंगरांनी, माळांनी धाडलेलं. त्यातली एक घागर पुन्हा चढावर न्यायची आणि वरच्या देवीच्या पायावर ओतायची. घेणं मान्य करण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

पावसाळा सरला की उपळ आटतात, पण मुरमाचं काम संपत नाही. ते विहिरीत चालू राहतं. विहीर पाडताना बघावं. वरची माती निघते, मऊ मुरूम निघतो, मग कुदळीला ठणका बसायला लागतो. यारीवरून भरलेल्या पाट्या वर येतात. काठावर घरची माणसं बसलेली असतात.

"काय लागलं रं?"

"कडक मुरूम लागला, आबा. ओल दिसतीया."

"किती हाय?"

"हात लावला तर भिजतोय बघा."

त्या एका वाक्यानं घरात चहा टाकला जातो. अखंड काळ्या पाषाणाच्या पोटात पाणी राहायला जागाच नाही. ते राहतं भेगांत, मांजऱ्यात आणि मुरमाच्या थरात. आपल्या विहिरींचे झरे बहुतेक याच थरांतून सुटतात. ही साठवण टाकीसारखी कुलूपबंद नाही. पाणी तिथं थांबत थांबत, पण चालत राहतं. मार्गशीर्ष-पौषात, पाऊस जाऊन दोन-तीन महिने झाल्यावर, ओढ्याला जी बारीक धार असते ती याचीच. राधानगरीचं धरण बांधायला शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हात घातला आणि ते स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. त्याची थोरवी मोठी आहे. पण भिंतीचं धरण अडवून ठेवतं आणि मुरमाचं धरण सोडत राहतं. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांची तहान या दुसऱ्या धरणानंच भागवली.

माणसानंही त्याला कमी राबवलेलं नाही. घराच्या जोत्यात भर म्हणून मुरूम. भुईवर अंथरून, पाणी मारून, धुम्मसानं ठोकून, वर शेणानं सारवलेली जमीन. पिढ्या तिच्यावर रांगल्या. माळाच्या कडेला मुरमाचं खळं चोपायचं, मधोमध तिवडा रोवायचा आणि बैलांची पात फिरवायची. पावसाळ्यात गुडघाभर चिखलात गेलेल्या पाणंदीवर दोन गाड्या मुरूम पडला की शाळेची पोरं आणि दुधाच्या किटल्या वेळेवर पोहोचतात. वर शोभेचं काही आलं की तो खाली दडपला जातो, आणि वरचं टिकतं ते तो खाली असल्यामुळं.

पूर आला की मात्र तो आठवतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर गेलं की धोका, हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ मध्ये त्याच्याही पुढं. अशा वेळी काळ्या रानातली गावं जनावरांना दावणीतून सोडून चढाला लागतात. प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना आसरा देणारी सोनतळी हा माळच आहे. ज्या जमिनीला एरवी कुणी विचारत नाही तिच्यावर म्हशी बांधल्या जातात, चुली पेटतात, म्हाताऱ्या माणसांच्या बाजा पडतात. बाहेर धो धो पाऊस असतो, तरी पायाखाली पाणी साचत नाही.

काळीचं वैभव आणि मुरमाची हलकी पत यांचा खरा हिशोब शिरोळात लागला. कृष्णा-पंचगंगेच्या काठची ती जमीन म्हणजे मातीतली राणी. उपसा सिंचन आलं, ऊस आला, पाण्यावर पाणी दिलं गेलं. काळीनं आपल्या स्वभावाप्रमाणं ते सगळं धरून ठेवलं. खालचे क्षार पाण्याबरोबर वर आले, पाणी उडालं आणि क्षार राहिले. जिथं कांडं पुरुषाच्या उंचीवर जात होती तिथं पांढरी खार फुलली आणि बाभळीशिवाय काही येईना. अशा रानातला ऊस निघालाच तर त्याचा गूळ काळपट, खारट. मग उपाय निघाला. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं शेतकरी एकत्र आले, जमिनीच्या पोटात भोकांच्या पाइपांचं जाळं अंथरलं गेलं आणि साचलेलं खारं पाणी नाल्याला काढून दिलं. नापीक झालेल्या रानांत पुन्हा ऊस उभा राहिला. कर्ज काढून, खोदाई करून, पाइप घालून त्या राणीला जे शिकवावं लागलं, ते मुरमाला जन्मतः येतं. पाणी वेळेवर सोडता येणं ही जमिनीची लायकी आहे, हे शिरोळनं किंमत मोजून दाखवून दिलं. म्हणून 'हलकी' आणि 'भारी' हे शब्द मी आता जपून वापरतो.

आणि नेमक्या याच काळात मुरूम निघून चालला आहे. सरकारदप्तरी तो गौण खनिज आहे. मोजमाप ब्रासचं, म्हणजे शंभर घनफुटांचं. महामार्ग रुंद होतात, भराव पडतात, प्लॉट पाडले जातात, कारखान्यांच्या शेडी उठतात. प्रत्येक कामाला त्याची गरज. रीतसर परवाना काढून, स्वामित्वधन भरून नेणारे आहेत, तसे रात्रीच्या अंधारात टेकडी पोखरून नेणारेही आहेत. उद्या-परवा बघावं तर ओळखीच्या टेकडीची एक कूस नाहीशी झालेली असते आणि तिथं काळा पाषाण उघडा पडलेला असतो. त्या पाषाणावर पाऊस पडतो आणि तसाच धावत खाली जातो. उपळ फुटत नाही. खालच्या विहिरीचा झरा संक्रांतीपर्यंत टिकायचा तो दिवाळीला बसतो. मग बोअर मारली जाते, आणखी खोल मारली जाते. टेकडीचा मुरूम एका हंगामात ट्रकमधून नेता येतो. तेवढा तयार व्हायला हजारो वर्षं लागतात. उसाचं बेणं आणता येतं, खत आणता येतं, गाळही आणता येतो. टेकडी परत आणून ठेवता येत नाही.

मुरमाला जपलं तर काय होतं, हेही कोल्हापुरातच बघायला मिळतं. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं ते शहराबाहेरच्या उघड्याबोडक्या माळावर. आठशेहून अधिक एकरांचा तो परिसर. तिथं झाडं लावली गेली, उताराचं पाणी अडवलं गेलं, तळी आणि विहिरी राखल्या गेल्या, आणि पाण्यासाठी शहराच्या तोंडाकडं बघण्याची वेळ कमी होत गेली. त्या माळाला नवं काही शिकवावं लागलं नाही. पाणी आत घ्यायची त्याची तयारी होतीच. पाणी घाईनं पळून जाणार नाही एवढं माणसानं बघितलं.

गावोगावच्या माळांवर एवढंच करायचं आहे. उताराला आडवे समतल चर काढावेत, गवत मुळासकट उपटू नये, गायरान चराईच्या पाळीनं राखावं, नाचणी-भुईमुगाला बाजारात धड भाव मिळावा, म्हणजे माळ विकायची वेळ येणार नाही. आणि टेकडीवरच्या मुरमाचा परवाना देताना ब्रासच्या जोडीनं आणखी एक मोजणी सक्तीची व्हावी : त्या टेकडीखाली किती विहिरी आहेत, किती उपळ फुटतात, ओढा कुठल्या महिन्यापर्यंत वाहतो. ही मोजणी तलाठ्याला आणि ग्रामसभेला सहज करता येईल; प्रत्येक वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना ती तोंडपाठ आहे. तिची नोंद सातबाऱ्यावर 'पोटखराबा'च्या जागी व्हावी. मुरूम किती पिकवतो यावर त्याची किंमत आजवर ठरली. तो किती जणांना पोसतो यावर ती ठरली, तर कोल्हापुरात माळासारखी भारी जमीन दुसरी निघणार नाही.